राज्यसभेची सहावी जागा : अर्ज, कोटा, सराव आणि मोजणी

१० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झालं. उमेदवार सात होते. त्याआधी राज्यात अशी लढत झाली होती १९९८ साली, आणि तेव्हा मतदान गुप्त होतं. मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून मगच पेटीत टाकायची, हा नियम २००३ च्या कायदादुरुस्तीने आला. मधल्या काळात निवडणुका बिनविरोध होत गेल्या, त्यामुळे या खुल्या मतदानाची सवय सभागृहात जवळजवळ कुणालाच नव्हती. विधान परिषदेचं मतदान आमदारांनी केलेलं असतं, पण ते गुप्त असतं. तीच सवय इथे घात करते.

मी तेव्हा एका पक्षाच्या बाजूने कागदपत्रं, आकडेमोड आणि आमदारांचा मतदानाचा सराव या कामात होतो. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं कुठल्याही पक्षाला सारखंच लागू आहे.

अधिसूचना २४ मे, अर्जाची शेवटची तारीख ३१ मे, छाननी १ जून, माघार ३ जून, मतदान १० जून. अर्ज नमुना २सी मध्ये भरायचा. पक्षाचं अधिकृत पत्र नमुना एए आणि बीबी मध्ये लागतं. लोकसभा-विधानसभेच्या सवयीने ए आणि बी चे नमुने आणले जातात, ते इथे चालत नाहीत. सूचक म्हणून निवडून आलेल्या सदस्यांपैकी दहा टक्के किंवा दहा, यांतला कमी आकडा लागतो. आपल्याकडे २८८ सदस्य, म्हणजे दहा सूचक. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एका उमेदवाराचे चार अर्ज भरता येतात. ते भरावेतच, आणि प्रत्येकावर सूचकांचे वेगवेगळे संच घ्यावेत. एका सहीवर हरकत आली तरी दुसरा अर्ज शाबूत राहतो.

नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र सगळ्यात वेळखाऊ. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. माहिती नसेल तिथे आडवी रेघ न मारता ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं अक्षरांत लिहायचं. उमेदवार देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो, ही सवलतही २००३ चीच. मात्र बाहेरच्या राज्यातला उमेदवार असेल तर तिथल्या मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत हवी, आणि ती मिळवायला दोन-तीन दिवस जातात. हे काम नाव जाहीर व्हायच्या आधीच सुरू करायला हवं. अर्ज दिल्यानंतरची शपथ छाननीच्या दिवसाच्या आधी झाली पाहिजे. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्याला अर्ज देणाऱ्यांची गडबड इथेच होते, म्हणून अर्ज दिला की त्याच टेबलावर शपथ उरकून घ्यावी.

इथवरचं काम एखादा नीट माणूस एकट्याने पार पाडू शकतो. खरी मेहनत कोट्यापासून, म्हणजे निवडून यायला किमान किती मतमूल्य लागतं तिथपासून, सुरू होते.

त्या दिवसांत सगळीकडे ‘४२ मतं लागतात’ असं बोललं जात होतं. तो आकडा २८८ जण मतदान करतील असं धरून काढलेला होता. एकाहून जास्त जागा असतात तेव्हा प्रत्येक वैध मताचं मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागांपेक्षा एकने जास्त आकड्याने भागायचं, बाकी सोडून द्यायची आणि भागाकारात १ मिळवायचा. २८८ मतांचं मूल्य २८,८००. त्याला ७ ने भागलं की ४,११४, अधिक १ म्हणजे ४,११५. एकेचाळीस मतांचे ४,१०० होतात, म्हणून बेचाळीस.

पण भागायचं असतं ते मोजणीत वैध ठरलेल्या मतांना. सभागृहात किती जागा आहेत, याचा इथे संबंध नाही. म्हणून आम्ही २८० ते २८८ पर्यंतचा तक्ता करून भिंतीला लावला होता. २८७ वैध मतं असतील तर कोटा ४,१०१. एकेचाळीस मतं मिळवणारा एका मताच्या शंभराव्या भागाने मागे राहतो. २८६ झाली की कोटा ४,०८६, आणि एकेचाळीस पुरतात. २८५ ला ४,०७२, २८४ ला ४,०५८. प्रत्यक्षात एका आमदाराच्या निधनाने एक जागा रिकामी होती आणि तुरुंगात असलेल्या दोघांना मतदानाची परवानगी मिळाली नाही. उरले २८५. मतदानानंतर एक मत बाद झालं आणि मोजणी २८४ वर झाली.

एकेका बाद मताचं वजन किती, ते २०१७ च्या गुजरातच्या निवडणुकीत दिसलं होतं. जागा तीन, मतदान १७६, कोटा ४,४०१, म्हणजे ४५ मतं. दोन आमदारांनी मतपत्रिका नको त्या माणसाला दाखवल्या. निवडणूक आयोगाने चित्रीकरण पाहून ती दोन मतं बाद केली, १७४ उरली, कोटा ४,३५१ झाला. काँग्रेसचे उमेदवार अहमद पटेल यांना बरोबर ४४ मतं होती आणि ते निवडून आले. आमदारांपुढे हे उदाहरण फळ्यावर मांडलं की खोली शांत व्हायची. शंभर सूचनांनी जे होत नव्हतं, ते या एका बेरजेने झालं.

आता सराव. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावासमोर पसंतीचा क्रम आकड्यात लिहायचा असतो. आकडा इंग्रजी, देवनागरी किंवा रोमन, कसाही चालतो. ‘एक’ असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही, आणि बरोबरची किंवा फुलीची खूण तर नाहीच. पहिली पसंती नसेल, ती दोघांसमोर असेल, एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही असतील, किंवा मतदार ओळखू येईल अशी सही वा खूण असेल, तर सगळं मत बाद. दुसऱ्या पसंतीत चूक झाली तर पहिली टिकते, पण ते मत पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे सरकत नाही. ही दुसरी चूक जास्त फसवी, कारण मत वैध दिसतं आणि मतमूल्य मात्र वाटेतच थांबतं.

देवनागरी १ घाईत ९ सारखा दिसतो. आमच्या सरावात ते वारंवार झालं, म्हणून सगळ्यांनी इंग्रजी आकडे काढायचे असं ठरवलं. ‘नोटा’चा पर्याय या निवडणुकीत नाही, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढायला लावला.

पेन फक्त मतदान अधिकाऱ्याने दिलेलं, जांभळ्या शाईचं. २०१६ ला हरियाणात वेगळ्या पेनामुळे डझनभर मतं गेली आणि एक उमेदवार त्यातच पडला. खिशात स्वतःचं पेन असलं की हात सवयीने तिकडेच जातो. म्हणून सरावाच्या खोलीतही दाराशी एक ट्रे ठेवला होता: पेन आणि मोबाइल तिथे काढून ठेवायचे, जांभळं स्केचपेन उचलायचं, मग आत जायचं. सरावाच्या मतपत्रिकेवर सातही नावं खऱ्या क्रमाने छापावीत. तो क्रम माघारीनंतरच पक्का होतो, म्हणून ३ जूनच्या आधी केलेल्या सरावाचे कागद फाडून टाकले. जुना क्रम डोक्यात राहिला तर हात चुकीच्या ओळीवर जातो.

दाखवण्याचा सराव वेगळा करायला लागतो. प्रत्येक पक्ष नमुना २२ए मध्ये आपले दोन प्रतिनिधी नेमतो. आमदाराने खूण करून मतपत्रिका स्वतःच्या हातात धरून फक्त त्यांनाच दाखवायची, त्यांच्या हातात द्यायची नाही. दाखवायला नकार दिला तर मत रद्द, दुसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधीला दिसेल अशी दाखवली तरी बाद. अपक्षाचा नियम उलटा : त्याने कुणालाही दाखवायची नाही. त्या विधानसभेत अपक्ष आणि लहान पक्षांचे आमदार पंचवीसहून जास्त होते आणि त्यांना सगळेच आपल्याकडे ओढत होते. त्यांना सोबत घेणाऱ्या पक्षाने हे स्वतः समजावून सांगायला हवं. विश्वास दाखवायला म्हणून एखादा अपक्ष मोठ्या पक्षाच्या प्रतिनिधीसमोर कागद उघडतो आणि तिथेच मत वाया जातं.

आम्ही खोलीत जमिनीवर खडूने खुणा केल्या होत्या: मत नोंदवण्याचा आडोसा, आपल्या प्रतिनिधीचं टेबल, शेजारचं टेबल, पेटी. आडोशातून निघताना घडी घालायची, आपल्या टेबलासमोर पाठ इतरांकडे राहील असं उभं राहायचं, छातीजवळ उघडायची, प्रतिनिधीने मान हलवली की पुन्हा घडी, मग पेटी. दुसऱ्या टेबलापाशी थांबायचं नाही, नमस्कारही नंतर. ज्येष्ठ आमदारांना हे पोरकट वाटलं. तरीही त्यांच्याकडून ते तीन-चारदा करून घ्यावंच लागतं, कारण चित्रीकरणात फक्त हात आणि कागदाची दिशा दिसते, मनातला हेतू दिसत नाही.

व्हिपच्या भरवशावर राहू नये. या मतदानाला व्हिप लागू होत नाही आणि पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्वही जात नाही. पक्ष फार तर आपल्या सदस्याला काढून टाकू शकतो. म्हणून कोणत्या आमदाराने पहिली पसंती कुणाला द्यायची, ही वाटणी लेखी चिठ्ठीवर हवी आणि ती शेवटच्या संध्याकाळी द्यायची. फार आधी दिली तर ती बाहेर जाते.

वाटणीचं गणित त्या रात्रीच्या निकालावरूनच समजून घ्यावं. पहिल्या पसंतीची मतं अशी होती : पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. गोयल, बोंडे आणि महाडिक भाजपचे, उरलेले चौघे महाविकास आघाडीचे. कोटा ४,०५८. पहिले पाच लगेच निवडून आले. सहाव्या जागेसाठी ३३ विरुद्ध २७, आणि जिंकले २७ वाले.

कसं, ते कागदावर करून पाहा. ४८ मतांचं मूल्य ४,८००. कोटा वजा केला की ७४२ जास्तीचे. हे ७४२ त्या ४८ मतपत्रिकांत वाटायचे, अपूर्णांक सोडायचा, म्हणजे प्रत्येक मतपत्रिका १५ मूल्य घेऊन पुढच्या पसंतीकडे जाते. ४८ गुणिले १५, ७२०. अशा दोन गठ्ठ्यांचे १,४४०. सगळ्यांवर पुढची पसंती महाडिक असेल तर २,७०० मध्ये ते मिळून ४,१४० होतात आणि कोटा पार होतो. जास्तीचं मूल्य मोठ्यापासून लहानाकडे वाटतात, म्हणून ४८ चे गठ्ठे आधी येतात आणि सहावी जागा तिथेच भरते. समोरच्या बाजूचं सगळं वाटून पाहिलं तरी ४४ चे ३०८, ४३ चे २१५, ४१ चे ४१. ३,३०० मध्ये मिळवून ३,८६४.

बरेच जण अजूनही म्हणतात की ४४ आणि ४३ ऐवजी ४१-४१ दिली असती तर सहावी जागा आली असती. तसं होत नाही. चार उमेदवारांची मिळून १६१ मतं होती आणि चार कोटे म्हणजे १६२.३२. दुसरीकडे १२३ मतं आणि तीन कोटे १२१.७४. वाटणी कशीही केली तरी बेरीज अपुरी होती. बाद झालेलं ते एक मत धरलं तरी कोटा ४,०७२ वर जातो, चार कोट्यांना १६२.८८ लागतात आणि १६२ पुरत नाहीत. वाटणीने फक्त अपूर्णांकांची गळती कमी-जास्त होते. ४८ च्या प्रत्येक गठ्ठ्यात ७४२ पैकी २२ गळाले, दोन्ही मिळून ४४, जवळजवळ अर्धं मत. गठ्ठा मोठा ठेवायचा असेल तर ही गळती आधी मोजून ठेवावी आणि दुसऱ्या पसंतीबद्दल पूर्ण खात्री असेल तरच तो मार्ग घ्यावा.

मतदान सकाळी ९ ते दुपारी ४. पहिल्या तासात नवे, न बिचकणारे आमदार पाठवावेत, म्हणजे आतली मांडणी कशी आहे ते बाकीच्यांना कळतं. आजारी सदस्यांसाठी रुग्णवाहिका, चाकाची खुर्ची आणि गरज असेल तर सोबत्याची परवानगी आदल्या दिवशीच मागावी. पुण्याहून दोन आमदार त्या दिवशी रुग्णवाहिकेने आले होते.

हरकत घ्यायची तर त्याच क्षणी, मतपत्रिका पेटीत पडायच्या आधी, लेखी. वेळ, आमदाराचं नाव, कुठल्या टेबलासमोर काय घडलं, एवढंच लिहायचं, विशेषणं नकोत. छापील कोरे नमुने खिशात ठेवावेत आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी हरकती आल्या, प्रकरण दिल्लीला आयोगाकडे गेलं, चित्रीकरण तपासलं गेलं आणि पाचला सुरू व्हायची मोजणी मध्यरात्र उलटून एकनंतर सुरू झाली. निकाल पहाटे लागला. मोजणी प्रतिनिधी दोन पाळ्यांत नेमायला हवेत हे आम्हाला तेव्हा सुचलं नव्हतं. वीस तास जागा असलेला माणूस गठ्ठ्यातला ३ आणि ८ वेगळा ओळखू शकत नाही.

मोजणीच्या टेबलाशी आपला तक्ता, पेन्सिल आणि साधं गणकयंत्र न्यावं. प्रत्येक फेरीचं जास्तीचं मूल्य, मतपत्रिकांची संख्या, भागाकार आणि गळालेला अपूर्णांक असे चार रकाने आखावेत आणि अधिकाऱ्याने आकडा जाहीर करायच्या आत आपला काढून ठेवावा. फरक दिसला तर पुढची फेरी सुरू व्हायच्या आधीच बोलायचं. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची असते आणि ती उच्च न्यायालयात करावी लागते. म्हणून हा तक्ता, हरकतींच्या पोच-प्रती आणि निकालपत्राची प्रत एकाच पाकिटात घालून पहाटेच वकिलाकडे पोचवायची.