चाँद दिसला नाही

आज २८ फेब्रुवारी २०२५, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याची २९ तारीख; आज चाँद दिसला तर उद्यापासून रमजान. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज उरकून आमची अख्खी बिल्डिंग गच्चीवर. मुंबईचं आकाश धुरकट, त्यात पहिली कोर अगदी पातळ आणि सूर्यापाठोपाठ मावळणारी; शोधायला वेळ जेमतेम. पोरांना विमानाचा दिवासुद्धा चाँद वाटत होता! मग सगळ्यांचे कान चाँद दिसला की नाही ते जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीकडे. चाँद दिसल्याची साक्ष नाही, म्हणजे शाबान पूर्ण ३० दिवसांचा. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज, उद्या रात्रीपासून, पहिला रोजा रविवारी. कुवेतच्या चाचांचा मात्र उद्याच, तिकडे जाहीर झालं. गणिताने तारीख आधीच काढता येते, मान्य. पण ही धांदल मला हवीच असते. अम्मी तर खूश, खजूर आणायला एक दिवस जास्त मिळाला.