डाव्या बाजूचं भोक

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५. बजाजनगर.

रात्रीचे साडेअकरा. शटर अर्धं ओढून गाळ्यातच बसलोय. सापडलं एकदाचं.

सोमवारी लातूरच्या डॉक्टरसाहेबांचा फोन आला, तेव्हापासून डोक्याचा भुगा झाला होता. मी किरण या जेट विमानाच्या उडणाऱ्या छोट्या प्रतिकृतीचे किट बनवून विकतो, त्यातला तिसरा त्यांनी नेलेला. म्हणाले, "तुमचं किरण सरळ उडताना उजवीकडं कलतंय. रिमोटवरून ट्रिम, म्हणजे कायमचा थोडा उलटा कल, देऊन सरळ केलं. पण उतरताना वेग कमी झाला की डावा पंख टाकतंय. काल टोक घासलं." मी आपलं बॅलन्स बघा, सर्व्हो (पंखाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बघा, असंच सांगत राहिलो. मनात मात्र, जोडताना यांनीच काहीतरी घोळ घातला असणार.

उजवीकडं कलणं आणि डावा पंख पडणं, आजार एकच. डावा पंख जरा जास्त कोनात बसला की तो जास्त उचलतो, म्हणून विमान उजवीकडं झुकतं. आणि वेग उतरला की जास्त कोनातलाच पंख आधी दम सोडतो. हे मला पाठ आहे. फोनवर सुचलं नाही, कारण सुचायला नको होतं.

आज दुपारी जिग काढली, म्हणजे भोक नेमक्या जागी पाडायची चौकट. पंख कार्बनच्या नळीवर सरकतो आणि नळीच्या २०० मिलिमीटर मागं एक पिन असते, कोन ती धरून ठेवते. त्या पिनचं भोक पाडताना फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, पालथं ठेवतो. जिग पुढून नळीच्या भोकात अडकते, मागून एका पट्टीवर टेकते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, फर्निचरवाल्याकडून फुकट आणलेल्या. व्हर्नियर लावून जाडी मोजली. उजवीकडची १८ मिलिमीटर, डावीकडची २०. सप्टेंबरात गाळ्यात पाणी शिरलं तेव्हा साचे, फायबरचं कापड, रेझिनचे डबे सगळं वर चढवलं, ही डावी पट्टी भिंतीशी राहिली आणि पाणी पिऊन फुगली. दोन मिलिमीटर म्हणजे इथं अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. आधीचे दोन किट उन्हाळ्यातले, ते वाचले.

उन्हाचा बंदोबस्त मी केला होता. मे महिन्यात पारा ४२ वर, मगात कालवलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) दहा मिनिटांत हातात चटका द्यायला लागलं आणि बघता बघता धूर. तेव्हापासून थोडं थोडं कालवतो, पसरट ट्रेमध्ये ओततो, आणि साच्याचं काम पहाटे चारला. तेच ऊन पुढं कामालाही आलं. तयार भाग दिवसभर पत्र्याखाली ठेवले की भट्टीत ठेवल्यासारखे पक्के होतात, वीजबिल शून्य. पावसाचा विचारच केला नाही. मराठवाड्यातल्या माणसाच्या हिशेबात पाऊस म्हणजे न येणारा पाहुणा. त्याच पावसात गावाकडं दादांचा कापूस उभा सडला, आणि मी इथं साचे वाचले म्हणून खुशीत होतो.

दादांना अजून हे काम पटलेलं नाही. "दोन-दोन लाखाचं इंजिन घालून इमान उडवायचं, अन् तेबी खेळण्यातलं? घेतंय कोण?" त्यांना सांगितलं, हे इंजिन रॉकेल पितं आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. "मंग मोटारीला लाव की, विहिरीवर."

किरणच का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. आपल्या विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली बंगळूरला आखलेलं, १९६४ साली पहिल्यांदा उडालेलं हे शिकाऊ वैमानिकांचं विमान. सूर्यकिरणची टीम २०११ पर्यंत यावरच कसरती करायची. पंख सरळ, मिग-२१ सारखा चिमुकला त्रिकोण नाही, त्यामुळं हळू उतरवता येतं. खरा पंख १०.७ मीटर, माझा पाचपट लहान, म्हणजे २.१४. तरी टेम्पोत आडवा मावत नाही, दोन तुकड्यांत पाठवावा लागतो. अन् तुकडे आले की भोकं आली.

स्वतःसाठी बनवायचो तेव्हा असलं काही जाणवायचं नाही. वाकडं असलं तर आपणच ट्रिम द्यायची, आपणच सांभाळून उतरवायचं. आता वाकडेपणा खोक्यात भरून, वर टेप मारून, पैसे घेऊन पाठवतोय मी.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. चूक माझी आहे, उद्या येतो, जुनं भोक बुजवून नवीन पाडून देतो. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि घासलेल्या रंगाचं?"

ॲल्युमिनियमची नवी पट्टी वाळूजच्या एका वर्कशॉपमधून कापून आणली, तीनदा मोजली. सकाळी एसटीनं निघायचं. ड्रिल, इपॉक्सी, व्हर्नियर पिशवीत भरलंय. लाल रंगाची डबीही टाकली.