आमची वाटचाल: जुनी मिलिंग, नवीन डीआरओ

अनगोळला घराच्या मागं पत्र्याचं शेड, त्यात एक लेथ, एक पिलर ड्रिल आणि एक सेकंडहँड मिलिंग, एवढ्यावर आमचं वर्कशॉप चालू झालं. बेळगावात कामाला तोटा नाही बघा. फाउंड्र्या आहेत, पंपवाले आहेत, हायड्रॉलिकवाले आहेत, आणि मोठ्या कंपन्यांना जे छोटे लॉट परवडत नाहीत ते आमच्यासारख्या घरगुती शेडमध्ये येतात. सुरवातीला कीवे, स्लॉट, फेसिंग असलीच कामं करायचो, मशीन जुनं असलं तरी भागायचं.

2017 ला जीएसटी आला, आम्ही नंबर घेतला आणि उद्यमबागेतलं काम थेट आमच्या बिलावर मिळायला लागलं. त्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या सबप्लेटी आल्या, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बोल्टनं बसतो त्या प्लेटी. ज्यांनी सेटॉप 3 ची (हे व्हॉल्व्हचं एक स्टँडर्ड माप) सबप्लेट केलीय त्यांना माहीत असेल, चार बोल्टची भोकं सरळ चौकोनात नसतात. पहिलं शून्य धरलं तर दुसरं आडवं 40.5 वर पण 0.75 खाली, तिसरं 40.5 आणि 31.75, चौथं सरळ वर 31 वर, आणि मधे पोर्ट, म्हणजे तेलाची भोकं, त्यातलं प्रेशरचं पी 21.5 आणि 25.9 वर. म्हणजे टेबल पुढं न्या, मागं आणा, परत पुढं न्या, आणि जुन्या मशीनवर खरी अडचण तिथंच येते.

कॉलरवर, म्हणजे हँडलच्या मागच्या आकड्यांच्या रिंगवर, आपण मोजतो ते स्क्रू किती फिरला ते, टेबल किती सरकलं ते नाही. हँडल उलटं फिरवलं की आधी नटातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, संपतो आणि मग टेबल हलतं. आता सगळे म्हणतात प्ले एकदा मोजायचा आणि वजा करायचा, पण स्क्रू सगळीकडं सारखा झिजत नाही ना, काम कायम मधल्या भागात होतं म्हणून तिथंच जास्त झिजतो. आमच्याकडं मधे जवळजवळ अर्धा मिलीमीटर प्ले आणि टोकाकडं त्याच्या निम्मा. मग कुठला आकडा वजा करायचा? एकाच बाजूनं जाऊन थांबायचं ही जुनी पद्धत बरोबरच आहे, आम्ही तीच वापरायचो, पण त्यात वेळ जातो आणि लॉट मोठा असला की ऑपरेटरचं डोकं दुखतं.

व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंगचा, हप्ता आमच्या आवाक्यात नव्हता. मशीनचं कास्टिंग चांगलं, स्लाइड चांगल्या, स्पिंडल चांगला, मग ते भंगारात का घालायचं? म्हणून डीआरओ बसवायचं ठरवलं, म्हणजे टेबल खरंच किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट. एक्स आणि वाय, म्हणजे टेबलच्या आडव्या आणि पुढं-मागं, दोन्ही हालचालींना ग्लास स्केल, 5 मायक्रॉनचं. त्यातल्या काचेवर 20 मायक्रॉनच्या अंतरानं रेघा असतात, त्या वाचणाऱ्या हेडमधून दोन सिग्नल निघतात, एक दुसऱ्याच्या पाव रेघ मागं, त्यामुळं एका रेघेचे चार भाग पडतात आणि कुठल्या दिशेला चाललंय तेही कळतं.

बसवणं हे खरं काम. स्केल टेबलच्या हालचालीपेक्षा लांब पाहिजे, नाहीतर हेड टोकाला धडकून काच गेलीच म्हणून समजा. कास्टिंगची मागची बाजू रफ होती, म्हणून खाली प्लेट घेतली, चार कोपऱ्यांना ग्रब स्क्रू, आणि डायल गेज लावून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत वरची आणि समोरची अशा दोन्ही बाजू 0.1 च्या आत आणल्या. स्केलची रबराची फट खाली तोंड करून ठेवायची, वर ठेवली की चिप्स आणि कूलंट आत जाणारच. मग स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) लावून 25, 50, 75 ला आकडा तपासला आणि जो फरक आला तो सेटिंगमध्ये भरला.

आमच्याकडचे मामा, ज्यांचं आयुष्य कॉलर मोजण्यात गेलंय, ते पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. चष्मा वर करून आकडे बघत होते. टेबलचं लॉक आवळताना मात्र थांबले. "लॉक आवळलं तर आकडा हलालाय की गा."

खरंच हलत होता, 10-15 मायक्रॉन. टेबल लॉक करताना सरकतं हे आधीही होतंच, पण दिसत नव्हतं. मामांनी त्याच दिवशी जिब, म्हणजे स्लाइडमधला ढिलेपणा काढायची पट्टी, काढून साफ केली, परत ॲडजस्ट केली, आणि आता ते लॉक आवळून झाल्यावरच आकडा वाचतात, तोपर्यंत ड्रिल खाली आणत नाहीत. इतक्या वर्षांच्या हाताला असं नवीन काही दिसलं आणि त्यांनी ते लगेच धरलं, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण बरेच जण विचारतात, डीआरओ बसवला म्हणून प्ले जात नाही. क्लाइंब मिलिंग केलं, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेला जॉब सरकवला, तर कटर टेबल ओढणारच, तिथं लॉक आणि जिबच कामाला येतात. तसंच उन्हाळ्यात पत्रा तापला की आकड्यावर आंधळा विश्वास नको, 300 मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक 10 डिग्री तापला तर 70 मायक्रॉनच्या आसपास वाढतो, त्यामुळं एप्रिल-मे मध्ये लांब ॲल्युमिनियमचे जॉब आम्ही सकाळी लवकर घेतो. आणि लाईट गेली की हँडलला हात लावायचा नाही हा शेडमधला नियम आहे. बंद असताना डीआरओ मोजत नाही. चुकून टेबल हललंच तर स्केलवर रेफरन्स मार्क असतो, तिथं नेऊन शून्य परत मिळतं, फक्त जॉब लावतानाच तो मार्क नोंदवून ठेवायला पाहिजे.

फायदा सगळ्यात जास्त कशात झाला म्हणाल तर पीसीडीच्या, म्हणजे एका वर्तुळावर सारख्या अंतरानं असलेल्या, भोकांत. फ्लँजला सहा भोकं असली की आधी साइन-कॉसचा कागद करायचो, आता सेंटर, व्यास आणि भोकांची संख्या भरली की झालं, एकेक भोक शून्य-शून्यवर येतं. आणि एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं टूल) दोन्ही बाजूला टेकवून हाफचं बटण दाबलं की जॉबचा मध्य हातात. मामांच्या हाताखालचा नवीन पोरगा घरी कन्नड बोलतो, मामांचं निम्मं मराठी त्याला कळत नाही, पण आकडे दोघांनाही कळतात आणि तो आता सबप्लेट एकटा लावतो.

आता झेडचं, म्हणजे वर-खाली हालचालीचं, काम काढलंय. नी (टेबल ज्यावर बसतं तो भाग) वर-खाली होते तिथं स्केलला जागा आहे, पण चिप्स थेट अंगावर पडतात, त्यामुळं आधी पत्र्याचं कव्हर वाकवून घेतोय, मगच स्केल मागवणार.