टायोच्या बसचा रंग आणि नंबर कसा वाचायचा

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर टायो नावाची निळी बस यूट्यूबवर कधी ना कधी भेटतेच. मोठे डोळे, गोलसर चेहरा, साधारण अकरा मिनिटांचा एक भाग. गाड्यांचं आणखी एक कार्टून समजून पालक ते लावून देतात आणि कामाला लागतात. पण या मालिकेमागे एक खरं शहर आहे आणि त्या शहराची खरी बससेवा आहे. ती थोडी समजून घेतली तर मुलाशेजारी बसून टायो बघण्यात मोठ्यांनाही रस वाटू लागतो, शिवाय मुलाच्या प्रश्नांना नेमकी उत्तरं देता येतात.

दक्षिण कोरियाच्या ईबीएस या शैक्षणिक वाहिनीवर ऑगस्ट २०१० मध्ये ही मालिका सुरू झाली. निर्मिती आयकोनिक्सची, म्हणजे पोरोरो हा चष्मेवाला पेंग्विन ज्यांनी आणला त्यांचीच, आणि निर्मितीत सोल शहराचं प्रशासन भागीदार होतं. गोष्ट अगदी साधी. टायो शहरात नव्याने रुजू झालेला, उत्साही आणि थोडा उतावळा. रॉगी त्याच्याशी सतत चढाओढ करणारा. लानी लाघवी, जरा घाबरट. गानी मितभाषी आणि कामात चोख. डेपोत त्यांची देखभाल करणारी मेकॅनिक हाना, आणि चार समजुतीच्या गोष्टी सांगणारी जुनी दुमजली बस सिटू.

टायो निळा, रॉगी हिरवा, गानी लाल आणि लानी पिवळी. हे रंग पडद्यावर छान दिसतात हे खरं, पण ते आले आहेत सोलच्या रस्त्यावरून. १ जुलै २००४ रोजी सोलने आपली बससेवा मुळापासून बदलली. त्याआधी खासगी कंपन्या कमाईच्या रस्त्यांवर एकमेकींच्या पुढे धावायच्या आणि कमी गर्दीच्या वस्त्यांकडे पाठ फिरवायच्या. नव्या व्यवस्थेत मार्ग, वेळापत्रक आणि भाडं शहराने आपल्या हाती घेतलं. बस चालवायच्या कंपन्यांनीच, पण त्यांना मोबदला प्रवासी किती भरले यावर न देता बस किती धावली यावर द्यायचा, असं ठरलं. प्रवाशांसाठी पळापळ करायचं कारणच संपलं. त्याच दिवशी बसना रंग मिळाले. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मुख्य रस्त्यांनी जाणारी बस निळी. वस्तीतल्या लोकांना मेट्रो स्टेशनपर्यंत किंवा निळ्या बसपर्यंत पोचवणारी हिरवी. शेजारच्या शहरांतून सोलमध्ये येणारी लाल. आणि मध्यवर्ती भागात गोल फेरी मारणारी पिवळी.

हे कळलं की पात्रांचे स्वभावही जुळवून बघता येतात. गल्लीबोळातून फिरणारा हिरवा रॉगी खोडकर, आणि लांबचा पल्ला मारणारा लाल गानी शांत, संयमी. लेखकांनी हे मुद्दाम केलं असो वा नसो, चपखल बसलंय.

माझ्या मते याहून गमतीचा आहे तो नंबर. सोलचे बसक्रमांक मनाला येईल तसे दिलेले नाहीत. शहराचे शून्य ते सात असे आठ विभाग केले आहेत. शून्य म्हणजे मधला भाग: जोंगनो, जुंग आणि योंगसान. तिथून ईशान्येला एक (दोबोंग, गांगबुक, सोंगबुक, नोवोन), पूर्वेला दोन (दोंगदेमुन, सोंगदोंग, जुंगनांग, ग्वांगजिन), आग्नेयेला तीन (गांगदोंग, सोंगपा), शहरातून वाहणाऱ्या हान नदीच्या दक्षिणेला चार (सोचो, गंगनम), मग पाच (दोंगजाक, ग्वानाक, गुमचोन), सहा (गांगसो, यांगचोन, योंगदुंगपो, गुरो) आणि वायव्येला सात (उनप्योंग, मापो, सोदेमुन). घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत गेलं की नकाशा पाठ होतो.

निळ्या बसचा नंबर तीन आकडी. पहिला आकडा बस कुठल्या विभागातून निघते तो, दुसरा कुठल्या विभागात जाते तो आणि तिसरा फक्त अनुक्रम. हिरव्या बसचा चार आकडी: पहिले दोन तसेच, निघण्याचा आणि पोचण्याचा विभाग, आणि शेवटचे दोन अनुक्रमाचे. लाल बस नऊने सुरू होते, त्यापुढचा आकडा ती कुठल्या बाजूने शहरात येते ते सांगतो. पिवळीचा नंबर दोन आकडी.

आता टायोच्या अंगावरचा १२० बघा. नियमाने वाचला तर बस एक नंबरच्या विभागातून दोन नंबरच्या विभागात जाणारी, म्हणजे ईशान्येकडून पूर्वेकडे. आणि सोलच्या माणसाला यात आणखी एक ओळखीची खूण दिसते, कारण १२० हा त्या शहराच्या मदतकेंद्राचा फोन नंबर आहे. पाण्याच्या बिलापासून बसच्या चौकशीपर्यंत सगळ्यासाठी लोक तोच फिरवतात. शहराचं प्रशासन भागीदार असल्याची अशी खूण मालिकेत उघडपणे फिरत असते.

हाच नियम २०१४ च्या घटनेला लावून बघण्यासारखा आहे. त्या वर्षी २६ मार्चला सोलमध्ये चार खऱ्या बसना टायो आणि मित्रांचे चेहरे लावून रस्त्यावर उतरवलं. टायो ३७० या मार्गावर, रॉगी २०१६ वर, लानी २२११ वर आणि गानी ९४०१ वर. ३७० म्हणजे तीनमधून सातमध्ये, अख्खं शहर आडवं कापणारी निळी बस. २०१६ म्हणजे दोनमधून शून्यात, पूर्वेकडच्या वस्तीतून मध्यभागात. ९४०१ म्हणजे दक्षिणेच्या बाजूने शहरात शिरणारी लाल बस. आणि लानी? २२११ हा दोनमधून दोनमध्येच फिरणारा हिरव्या बसचा मार्ग. पिवळ्या लानीला हिरव्या मार्गावर धावावं लागलं. मुळात सोलमध्ये पिवळे मार्ग अगदी मोजके आहेत, आणि मालिकेत चारांत एक पिवळी दिसत असली तरी रस्त्यावर ते प्रमाण कुठेच दिसत नाही.

त्या चार बससाठी मुलांना घेऊन आईवडील थांब्यांवर रांगा लावून उभे राहिले. मागणी इतकी वाढली की ५ मे या कोरियातल्या बालदिनापर्यंत अशा बस शंभरापर्यंत न्यायचं ठरलं. डोळे आणि तोंड चिकटवलं होतं ते पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर. काच पूर्ण मोकळी, त्यामुळे चालकाला समोरचं दिसायला काही अडचण नाही.

इथे एका गोष्टीची पालकांनी दखल घ्यावी. मालिकेतल्या बसना डोळे आहेत आणि त्या आपल्या आपणच चालतात. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात यातून 'बसला मी दिसतो' हे पक्कं बसू शकतं. खऱ्या बसच्या अगदी पुढ्यात उभं राहिलेलं लहान मूल उंच सीटवरच्या चालकाला दिसेलच असं नाही. म्हणून टायो बघणाऱ्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावं: बसला डोळे नसतात, बघतो तो ड्रायव्हरकाका. थांब्यावर उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही, बस निघून जाऊ द्यायची.

दुसरी गोष्ट याहून जास्त निसटते. कोरियात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून टायोचं दार उजवीकडे. फुटपाथवरून रस्त्यावर पाऊल टाकलं की तिथे सर्वांत जवळची गाडी डावीकडून येते. आपल्याकडे ती उजवीकडून येते. रस्ता ओलांडायचा धडा मालिकेतून जसाच्या तसा उचलला तर मूल आधी चुकीच्या बाजूला बघायला शिकतं. त्यामुळे सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, रांग हे सगळं टायोकडून खुशाल शिकू द्या, पण कुठे बघायचं हे आपण शिकवायचं: आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत एकदा उजवीकडे. तेही पडद्यासमोर नाही, आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून.

बघायला काय लावावं? मूळ मालिकेचे पूर्ण भाग. टायोच्या नावाने गाणी, खेळण्यांचे व्हिडिओ आणि तासतासभराची संकलनं यांचाही ढीग आहे. त्यांत गोष्ट फारशी नसते आणि शेवट येत नाही, म्हणून बंद करताना रडारड जास्त होते. अकरा मिनिटांच्या भागाला सुरुवात, गोंधळ आणि उकल असते. गोष्ट संपते, तिथे थांबणं मुलालाही पटतं. दोन भाग लावायचे, ऑटोप्ले बंद ठेवायचं. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा सांगितली आहे आणि त्याहून कमी तर चांगलंच. सुरुवात पहिल्या हंगामापासून करावी. टायो नवखा असल्याने रस्त्याचे नियम तिथे त्याच्याबरोबर एकेक करून कळत जातात.

मालिका बंद झाल्यावर नंबरांचा खेळ घरात खेळता येतो. घराचे पाचच विभाग करा: हॉल शून्य, स्वयंपाकघर एक, झोपायची खोली दोन, बाल्कनी तीन, दाराजवळचा कोपरा चार. पाचाहून जास्त केले तर चार वर्षांचं मूल गोंधळतं. प्रत्येक ठिकाणी आकडा लिहिलेला कागद लावा. आकडे वाचता येत नसतील तर सोबत चित्र काढा, कढई, उशी, कुंडी. जमिनीवर मास्किंग टेपने रस्ता आखा. खेळण्यातली बस दोन इंच रुंद असेल तर जायची आणि यायची बाजू प्रत्येकी तीन इंच ठेवा. त्याहून अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेल्या बस अडकतात आणि भांडण होतं. स्वयंपाकघरातून बाल्कनीत जाणारी निळी बस १३१. हॉलमधल्या हॉलमध्ये फिरणारी हिरवी ००११. प्रवासी म्हणून कपड्यांचे चिमटे घ्या. बटणं किंवा राजमा लहान भावंडं तोंडात घालतात. बस चालवायची आपल्या पद्धतीने, डाव्या बाजूने. विकतच्या टायोचं दार इथे चुकीच्या बाजूला येतं, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याची बस केलीत तर दार डावीकडे कापा. पॉलिश केलेल्या फरशीवर टेप बरेच दिवस राहिली तर गोंद चिकटून बसतो, त्यामुळे संध्याकाळी काढून टाकलेली बरी.

सगळ्यांनाच टायो हवा असतो, हा या खेळातला नेहमीचा तंटा. त्यावर उपाय सोलच्याच व्यवस्थेत आहे: बस बदलायची. चिमटा हिरव्या बसने निघाला पाहिजे आणि निळीत बदलूनच पोचला पाहिजे, असा नियम केला की हिरवी बस चालवणाऱ्यालाही मान मिळतो.

सोलला मुलांना घेऊन जायचा योग आला तर हेच नियम तिथे खिशाला उपयोगी पडतात. दुकानातून टी-मनी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून भाडं द्यायचं कार्ड, घ्या. पुढच्या दाराने चढताना ते यंत्राला लावायचं आणि मागच्या दाराने उतरतानाही लावायचं. उतरताना लावलं नाही तर पुढच्या बसला बदलीची सवलत मिळत नाही, आणि नवख्यांचे पैसे जातात ते बहुतेक इथेच. उतरल्यापासून ३० मिनिटांत (रात्री नऊ ते सकाळी सातपर्यंत ६० मिनिटांत) दुसऱ्या बसमध्ये किंवा मेट्रोत चढलं तर भाडं एकूण अंतरावर धरलं जातं. अशा चार बदल्या करता येतात, पण उतरून पुन्हा त्याच नंबरच्या बसमध्ये चढणं बदलीत मोजत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून निळ्या आणि हिरव्या बसचं मोठ्यांचं किमान भाडं कार्डावर १५०० वॉन आणि लाल बसचं ३००० वॉन झालं. सहा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसासोबत मोफत, एका माणसामागे तीनपर्यंत. सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी वेगळं कार्ड घेऊन त्यावर जन्मतारीख नोंदवून घ्यावी, नाहीतर मोठ्यांचं भाडं कापलं जातं. काही मार्गांवर रोख पैसे घेतच नाहीत. आणि हातात कॉफीचा किंवा सरबताचा उघडा पेला असेल तर तो थांब्यावरच संपवा, २०१८ पासून चालक असा पेला घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत.