एकोणीस प्रयोग आणि चिकटलेलं पान

"पुस्तक बाइंडिंगला गेलंय, पुढच्या आठवड्यात या."

हे वाक्य मी एकाच काउंटरवर पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा ऑफिसातून लवकर निघून, दोन बस बदलून गेले होते. आता काम झालंय, तरी ते वाक्य आठवलं की कपाळावरची शीर उडते. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. विकिपीडियावर एखाद्या मराठी नाटकाबद्दल काही घालायला कोणी बसणार असेल, तर त्याचे चार महिने तरी वाचावेत.

मला घालायची होती दोनच वाक्यं. नाटक विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. पहिलं वाक्य असं, की नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, केला. दुसरं असं, की एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं आणि ११ जानेवारी १९७४ पासून थिएटर अकॅडमी या दुसऱ्या संस्थेने ते पुन्हा उभं केलं. बस्स.

या एकोणीस प्रयोगांचा ध्यास मला लागला तो काकांमुळे. त्या एकोणीसातला एक त्यांनी पाहिलाय. तेव्हा ते कॉलेजात होते, सदाशिव पेठेतच खोली घेऊन राहत होते. नाटकावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला हे सर्वांना माहीत आहे. नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, एवढंच घरोघर बोललं जात होतं. काकांच्या घरीही तेच. ते घरी न सांगता गेले. रंगमंचावर ओळीत उभ्या नटांची, बारा माणसांची ती भिंत पहिल्यांदा डुलायला लागली तेव्हा अंगावर आलेला काटा ते आजही हाताची बाही वर करून दाखवतात. पण घाशीराम म्हटलं की लोक थिएटर अकॅडमी म्हणतात, १९८० चा युरोप दौरा म्हणतात. त्यात चूक काहीच नाही, त्या मुलांनी नाटक जगवलं, जगभर नेलं. तरी काका दरवेळी म्हणतात, "अगं, त्याच्या आधीचे एकोणीस कुठे गेले?"

तर एका रविवारी मी नोंद उघडली, खातं काढलं, दोन वाक्यं लिहिली आणि 'प्रकाशित करा' दाबलं. दुसऱ्या दिवशी ती उडालेली. नोंदीतल्या बदलांच्या इतिहासात जाऊन पाहिलं तर कोणा संपादकाने उलटवली होती, शेरा एका शब्दाचा: संदर्भ?

मला राग आला. प्रत्येक नोंदीला संपादकांनी आपसात बोलायचं एक चर्चा पान असतं, त्यावर मी लिहिलं की माझ्या काकांनी स्वतः पाहिलंय. त्यावर फार सभ्य उत्तर आलं, की आपल्या काकांचा अनुभव मोलाचा आहे, पण वाचणाऱ्याला तो पडताळून पाहता येत नाही, छापील किंवा विश्वसनीय स्रोत द्या. सोबत एका लेखाचा दुवा, ज्यात पहिला प्रयोग १९७४ चा म्हटलेला. त्या क्षणी मला ते उत्तर तुसडं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. माझ्या काकांवर विश्वास ठेवायचा, तर १९७४ म्हणणाऱ्या कोणाच्या काकांवरही ठेवावा लागेल.

मग इंटरनेटवर शोध. हा टप्पा दोन संध्याकाळींत आटपला, त्यामुळे थोडक्यात सांगते. 'घाशीराम' आणि 'घाशिराम' अशी दोन्ही रूपं टाकून शोधा, ऱ्हस्व-दीर्घात निम्मे लेख हरवतात. मराठी वर्तमानपत्रांची जुनी संकेतस्थळं युनिकोडमध्ये नव्हती, त्या काळचं काहीही शोधात सापडत नाही, त्यामुळे सापडलं नाही म्हणजे छापलंच गेलं नाही असं समजू नका. आणि जे सापडतं त्यातली वाक्यं एकमेकांशी ताडून पाहा. मला पाच ठिकाणी एकच वाक्य स्वल्पविरामासकट सापडलं. असं वाक्य कुठून तरी एकाच जागेहून उचललेलं असतं, कित्येकदा विकिपीडियावरूनच, आणि तेच पुन्हा विकिपीडियाला संदर्भ म्हणून द्यायचं म्हणजे आपली सावली साक्षीला उभी करायची.

उत्तर खरं तर सोपं होतं. छापील मराठी नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक पान असतं. पहिला प्रयोग कोणत्या संस्थेने केला, कधी, कुठे, दिग्दर्शक कोण, संगीत कोणाचं, कोणत्या भूमिकेत कोण. नाटकवाल्यांची ही फार जुनी आणि फार चांगली सवय आहे. म्हणजे मला फक्त पुस्तक हवं होतं आणि त्यातलं ते पान. घरी प्रत नव्हती. बाजारात नवी आवृत्ती तेव्हा मिळाली नाही. म्हणून वाचनालय.

वाचनालयाचं नाव घेत नाही. जुनं आहे, मोठं आहे, लहानपणी तिथल्या दिवाळी अंकांवर मी वाढलेय, म्हणून जास्त लागतं. पहिल्या दिवशी कार्डांचे खण उपसले, कार्ड मिळालं, आनंद झाला. काउंटरवर विचारलं, "सभासद आहात?" नाही. "मग संशोधक आहात?" तेही नाही. संशोधक असाल तर विद्यापीठाचं पत्र, सभासद व्हायचं तर अनामत आणि जुन्या सभासदाची ओळख. मी म्हटलं, पुस्तक घरी न्यायचं नाही, इथेच बसून एक पान बघायचंय. त्यासाठी निराळा अर्ज होता, त्यात 'प्रयोजन' असा रकाना. मी लिहिलं, विकिपीडियासाठी संदर्भ. तिथले गृहस्थ बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे खाजगी की शैक्षणिक?" मी शैक्षणिक म्हटलं. मग शिक्षणसंस्थेचं पत्र हवं! शेवटी मी सरळ अनामत भरली, शेजारच्या आजींनी ओळख म्हणून सही दिली, सभासद झाले. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. तुम्ही तेच करा, कोणाशी वाद घालू नका.

आणि सभासद झाल्यावर कळलं, की पुस्तक बाइंडिंगला गेलंय.

पुढच्या आठवड्यात गेले. बाइंडर गावाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आर्थिक वर्षअखेर, नवं काही आत घेत नाहीत. एप्रिलमध्ये दोन खेपा, एकदा तर गठ्ठा आलेला होता, खोलीच्या कोपऱ्यात सुतळीने बांधलेला, मला दिसत होता, पण 'नोंद व्हायचीय'. मी विचारलं, नुसतं उघडून बघू का. नाही. फोनवर विचारायची सोय आहे का? नाही. दर खेपेला मला माणसांपेक्षा त्या व्यवस्थेचा संताप यायचा. ती माणसं बिचारी पगारावर, पंख्याखाली, धुळीत. पण कोणालाच असं वाटत नव्हतं, की एक बाई एका पानासाठी पाचव्यांदा येतेय तर काहीतरी करावं.

सहाव्या खेपेला पुस्तक हातात आलं. तपकिरी रेक्झिन, कण्यावर सोनेरी आकडा, खळीचा ताजा वास. मी उभ्या उभ्याच उघडलं आणि पोटात गोळा आला. बाइंडरने कडा कापताना समास खाल्लाच होता, शिवाय पुढची पानं मजबुतीसाठी पुठ्ठ्याच्या आतल्या जाड कागदाला चिकटवून टाकली होती. पुस्तक उघडत होतं ते थेट नाटकाच्या सुरुवातीवर. माझं पान त्या कागदाखाली होतं. मी ते ट्यूबलाइटसमोर उभं धरलं तर पलीकडून उलटी अक्षरं दिसली. एका ओळीच्या टोकाला 'मंदिर' एवढं मला नक्की वाचता आलं. तारखेच्या जागी खळीचा डाग.

मी विचारलं, ओलं फडकं लावून कडा सोडवू का, तुमच्यासमोर. ते म्हणाले, "ताई, ते पान उचकटायचं नाही. अर्ज द्या. कार्यवाहांकडे जाईल, कार्यकारिणीच्या सभेपुढे येईल." अर्ज दिला. सभा कधी? गणसंख्या झाली की. त्या अर्जाचं उत्तर मला आजतागायत आलेलं नाही. पोच मात्र माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट, जपून ठेवलीय.

त्या दिवशी घरी येऊन मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी नीट छापून ठेवलेली गोष्ट, तीच सांभाळणाऱ्या जागेत, सांभाळण्याच्याच नावाखाली बुजवली गेली होती.

मधेच एक गोष्ट आठवली, ती सांगून टाकते, नाहीतर राहील. या नोंदीत नाटक आणि इतिहास यांची गल्लत करू नका. खरा घाशीराम सावळादास हा पेशवाईतला पुण्याचा कोतवाल, १७९१ मध्ये लोकांच्या रोषाला बळी पडला, तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेले म्हणून. नाटकातली घाशीरामची मुलगी गौरी, तिच्या बदल्यात त्याने नानाशी केलेला व्यवहार, हे तेंडुलकरांच्या नाटकाचं कथानक आहे. ते 'कथानक' या मथळ्याखालीच जावं. हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं स्वतः तेंडुलकरांनी सांगितलं होतं. मी पहिल्या मसुद्यात दोन्ही एकाच परिच्छेदात घातलं होतं, ते धूळपाटीवरच, म्हणजे विकिपीडियावर सरावासाठी मिळणाऱ्या कच्च्या पानावरच, लक्षात आलं. धूळपाटी वापरा. सरळ नोंदीत लिहायला जाऊ नका.

पुस्तक मिळालं ते अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला, जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका माणसाकडे. मी क्रमिक पुस्तकं घ्यायला गेले होते, सहज विचारलं. तो म्हणाला, "तेंडुलकर? थांबा." आणि स्टुलावर चढून वरच्या थप्पीतून पिवळी पडलेली प्रत काढली, मुखपृष्ठ फाटकं, आत कोणा कॉलेजच्या मुलाची निळ्या शाईत सही. मी तिथेच फुटपाथवर पान उलटलं. होतं! संस्था, तारीख, भरत नाट्य मंदिर. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामच्या भूमिकेत रमेश टिळेकर. त्याने सांगितली ती किंमत दिली. घासाघीस करायचं भानच नव्हतं. चार महिने एकीकडे आणि ही पाच मिनिटं एकीकडे. म्हणून सांगते, वाचनालयाच्या आधी जुन्या बाजारात फिरा, आणि ओळखीत कोणी हौशी नाटकवाला असेल तर त्याचं कपाट बघा. नाटकवाले संहिता फेकत नाहीत.

आता संदर्भ देताना काय करायचं ते. हातात जी आवृत्ती आहे तिचंच वर्ष लिहायचं, पहिल्या आवृत्तीचं नाही. सुरुवातीच्या पानांना पुष्कळदा क्रमांक नसतो, तिथे 'पहिल्या प्रयोगाची श्रेयनामावली' असं शब्दांत लिहिलं तरी चालतं. पुस्तकातलं हे पान तारीख आणि नावांपुरतं पुरेसं आहे. नाटक थांबलं, पुन्हा सुरू झालं, या वादाच्या वाक्यासाठी नाटकाबाहेरचा स्रोत लागतो. तो मला मराठी रंगभूमीवरच्या एका संदर्भग्रंथात मिळाला, आणि तोही, खरं सांगते, त्याच वाचनालयात, विनासायास. थिएटर अकॅडमीची स्थापना १९७३ ची आहे हे त्यासोबत दिलंत की १९७४ चा घोळ कुठून आला ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं. १९७२ चा प्रयोग ती संस्था करूच शकत नव्हती.

संपादन सारांश, म्हणजे आपण काय बदललं ते सांगायचा रकाना, रिकामा ठेवू नका. मी लिहिलं: 'पहिल्या प्रयोगाची माहिती, दोन छापील संदर्भांसह; चर्चा पान पाहावे'. आणि चर्चा पानावर दोन्ही स्रोतांतला मजकूर काय आहे ते माझ्या शब्दांत मांडलं. पानाचा फोटो काढून चढवायचा मोह झाला होता, तो आवरला. तेंडुलकर २००८ साली गेले, त्यांच्या लेखनावर त्यानंतर साठ वर्षं प्रताधिकार राहतो. त्या काळच्या प्रयोगांची छायाचित्रंही कोणाच्या तरी मालकीची आहेत. नाटकातल्या नमनाच्या ओळी उतरवून घालू नका, तेही त्याच कारणाने.

या वेळी वाक्यं राहिली. ज्यांनी आधी उलटवली होती त्याच संपादकांनी माझ्या वाक्यातलं एक शुद्धलेखन सुधारलं आणि धन्यवाद पाठवले. मला इतका आनंद कुठल्या पगारवाढीचाही झालेला नाही.

संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, मोबाइलवर मोठं करून मी वाचून दाखवलं. 'एकोणीस' आल्यावर त्यांनी हात वर केला, पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आणि मुळगुंद? ती भिंत नाचवली कोणी? कृष्णदेव मुळगुंदांचं नाव घातलंस का?"

घातलं नव्हतं. पिशवीत ते पिवळं पुस्तक होतंच. काकांना म्हटलं, "तुम्ही चहा सांगा, काका," आणि पुन्हा 'संपादन' दाबलं.