पातोळ्या, शेवटी दोन ए

दुपारी जेवून आडवा होणार, तेवढ्यात आईचा टॅब रुसला. "पासवर्ड चुकीचा," म्हणे. आईचं तीनचं नाटक अडलं म्हणजे घरात कुणाला झोप नाही.

वायफायचा पासवर्ड चुकणं शक्यच नव्हतं. उभ्या घराण्याला तो पाठ आहे. चार वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी, एकीकडे गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधणं चाललेलं असताना, बावीस माणसांनी बावीसदा विचारू नये म्हणून मी तो "पातोळ्या" असा ठेवला. इंग्रजीत लिहिताना सात अक्षरं झाली. वायफायला आठ तरी लागतात (जास्तीत जास्त त्रेसष्ट चालतात, एवढा लांब ठेवणारा माणूस मला एकदा बघायचाय). म्हणून शेवटी आणखी एक ए चिकटवला. बावीस माणसांनी चव्वेचाळीसदा विचारलं. मडगावच्या आतेला ळ म्हटला की दोन एल लागतात. मुंबईचा चुलतभाऊ वाय खाऊन आय घालतो. हळदीच्या पानांत उकडणाऱ्या पातोळ्यांचा वास घरभर, आणि माजघरातून ओरडा, "एल एक, ए दोन!" शेजारच्या वाड्यावरही तो पासवर्ड त्याच दिवशी पोचला असणार.

माझी सुरक्षेची हौस मात्र दांडगी. मध्यंतरी मी नेटवर्कचं नावच लपवून ठेवलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, नाव लपवलंस तर तुझाच फोन फोंड्याच्या बाजारात त्या नावाने हाका मारत फिरतो, घरचं कुणी आहे का रे म्हणून." तसंच असतं ते. आणि ज्याला शोधायचं त्याला लपवलेलं नावही सापडतं. गुपचूप पूर्ववत केलं.

तर टॅब. जूनमधल्या गडगडाटात जुना राउटर गेला, नवा आला. सुरक्षेच्या रकान्यात मी छाती फुगवून डब्ल्यूपीए-३ निवडलं. ही पद्धत २०१८ सालची, टॅब तिच्याही आधीचा. त्याला कळते २००४ची डब्ल्यूपीए-२. समोरचा काय बोलतोय ते कळत नाही, असं कबूल करण्यापेक्षा तुमचा पासवर्डच चुकला म्हणणं त्याला सोपं. आमच्या घराण्यातही हा गुण आहे.

संगणकावर राउटरचं पान, १९२.१६८.१.१, उघडून दोन्ही पद्धती चालतील असा पर्याय धरला, टॅबला जुनं नेटवर्क विसरायला लावलं, पुन्हा दोन ए. लागला. तोही ओसरीवर बसूनच. आमच्या भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाड. आतल्या खोलीत वायफाय पोचता पोचता दमतं.

ते पान बंद करणार तोच मागच्या दाराशी पाडेली, नारळ काढणारा. कुळागरातले माड उतरवून झाले होते. पैसे मी फोनवरून पाठवले, पण आमचं घर खळग्यात, त्याच्या फोनला काही दिसेना. "बाब, हांगा रेंज ना. पयशे पावले काय ना पळोवंक जाय."

समोरच पर्याय होता: पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क. मोठी सोयीची गोष्ट. आलेल्याला इंटरनेट मिळतं, आपला प्रिंटर, टीव्ही, संगणक त्याला दिसत नाहीत. मी लगेच चालू केलं, पासवर्ड एक ते आठ आकडे. त्याने मागच्या पडवीच्या कठड्याला टेकून ते दाबले. लागलं. मला माझंच कौतुक वाटलं.

त्याच कठड्यावर कोपऱ्यात एक कप असायचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा, कायम पालथा. याचा बाप नारळ उतरवायला यायचा तेव्हा आजी त्यात वरून चहा ओतायची. चहा आम्हाला तोच, दूध तेवढंच, साखर एक चमचा जास्तच. त्यात आजीने कधी काटकसर केली नाही. पिऊन झालं की तो स्वतः कप विसळायचा आणि जिथला तिथे पालथा घालायचा. सहा-सात वर्षांचा असताना मी एकदा तो कप आत आणून फळीवर कपांच्या रांगेत ठेवला. कुणी रागावलं नाही. संध्याकाळी कप परत कठड्यावर होता.

"पावले," पाडेली म्हणाला. फोन खिशात घातला, कोयती उचलली आणि उतरणीने गेला.

संगणकावरचं पान अजून उघडंच होतं. पाहुणे: चालू. आत आईने नाटकाचा आवाज वाढवला होता. पाडेली आता तीन महिन्यांनी येईल.