परसातल्या शेकोटीसाठी शेवटी काय घेतलं

निफाडची थंडी ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या खाली जातो आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसतात. आम्हीही संध्याकाळी मागच्या अंगणातच असतो म्हणून यंदा नीट फायर पिट करायचं ठरवलं.

आधी दगडांचा गोल करू म्हटलं, पण नदीतले गोटे अजिबात वापरू नका, आत पाणी मुरलेलं असतं, ते तापलं की वाफ होऊन गोटा फुटतो आणि तुकडे उडतात. मग ऑनलाइन ते दोन भिंतींचं स्टीलचं बघितलं, खालून हवा आत जाते, दोन पत्र्यांच्या मधून तापत वर येते आणि वरच्या भोकांतून सुटून धूरच जाळून टाकते, खरंच भारी कल्पना आहे, पण ऊब बरीचशी सरळ वर जाते, पायांना कमी लागते. आणि आईंना निखाऱ्यात वांगं भाजायचं असतं!

शेवटी वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची कढई करून घेतली, तीन पायांची. तळाला भोक ठेवलंय, नाहीतर पाणी साचून गंजते. घरापासून 10 फूट लांब, मातीवरच ठेवलीये, फरशी तडकते. लाकूड बाभळीचं, पूर्ण वाळलेलं, निखारा मस्त टिकतो, द्राक्षाच्या काड्या फक्त पेटवायला. प्लायवूडचे तुकडे मात्र कुणाला टाकू देत नाही, त्यातल्या गोंदाचा धूर मुलांच्या नाकात जायला नको.

झोपायच्या आधी पाणी शिंपडून राख हलवून बघते, लाल दिसलं की परत शिंपडते.